हृदयातून दिवसाला सात हजार लिटर रक्त जातं, तरी हृदयालाच रक्त कमी का पडतं?

कोजागिरी पौर्णिमा जवळ आली की सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून जातो. आई तुळजाभवानीच्या दर्शनासाठी हजारो भाविक साधारण ४५ किलोमीटर पायी चालत येतात. तुळजापुरात पोचल्यावर पायऱ्या उतरून मंदिरात जायचं आणि दर्शन झालं की पुन्हा चढून वर यायचं. चढताना पोटऱ्या भरून येतात, दम लागतो, छाती धडधडते. पाय थकले की माणूस क्षणभर पायरीवर टेकतो. हृदयाला मात्र टेकायची सोय नाही. उलट पाय, फुप्फुसं, मेंदू या सगळ्यांची वाढलेली मागणी त्यालाच पुरवायची असते.

या सगळ्यांना ऑक्सिजन असलेलं रक्त हृदय पोचवतं. मग हृदयाच्या स्नायूला ते कोण पोचवतं? आत एवढं रक्त खेळत असताना त्याला वेगळी सोय लागतेच कशाला? हार्ट अटॅक म्हणजे नेमकं काय आणि त्यात एकेक मिनिट का मोजतात, हे या प्रश्नाच्या उत्तरातून कळतं.

एक हृदय, दोन पंप

हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं आणि मोठ्या माणसात त्याचं वजन २५० ते ३५० ग्रॅम भरतं. बाहेरून ते एकच दिसत असलं, तरी आत शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत, उजवा आणि डावा. दोघांच्या मध्ये स्नायूचा जाड पडदा असतो. प्रत्येक बाजूला दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यात रक्त येतं, त्याला कर्णिका किंवा अलिंद म्हणतात. खालचा कप्पा रक्त बाहेर ढकलतो, त्याला जवनिका किंवा निलय म्हणतात.

शरीरभर फिरून, ऑक्सिजन देऊन आलेलं रक्त दोन मोठ्या महाशिरांमधून उजव्या कर्णिकेत येतं. तिथून ते उजव्या जवनिकेत उतरतं आणि फुप्फुसांकडे ढकललं जातं. फुप्फुसांत ऑक्सिजन घेतलेलं रक्त चार फुप्फुस शिरांमधून डाव्या कर्णिकेत येतं, डाव्या जवनिकेत उतरतं आणि महाधमनीतून सगळ्या शरीराला जातं. थोडक्यात, उजवा पंप फुप्फुसांसाठी आहे आणि डावा बाकी सगळ्या शरीरासाठी. दोघे एकाच वेळी आकुंचन पावतात आणि एकाच वेळी सैल होतात.

दोघांना लागणारी ताकद मात्र सारखी नसते. फुप्फुसं हृदयाला लागूनच आहेत, त्यामुळे उजव्या पंपाला कमी दाब पुरतो. डाव्या पंपाला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायचं असतं. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो १२०/८० असा आकडा सांगतात, तो या डाव्या बाजूचा दाब असतो. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब साधारण २५/१० असतो. म्हणूनच डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा सुमारे तिप्पट जाड असते.

एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर मिनिटाला ५ लिटर झाले. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही एकूण ५ लिटरच्या आसपास असतं. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचं जवळजवळ सगळं रक्त एका मिनिटात एक फेरी मारून येतं. दिवसाचा हिशोब ७ हजार लिटरच्या वर जातो. धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना हे माप लगेच कळेल. एका मुठीएवढा स्नायू रोज मध्यम आकाराचा एक टँकर रिकामा करतो.

हे रक्त उलटं फिरू नये म्हणून चार झडपा असतात. स्टेथोस्कोपमध्ये 'लब-डब' असा जो आवाज येतो, तो या झडपा मिटण्याचा असतो. लहानपणी घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झालं, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात याच झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. म्हणून मुलाच्या घशासाठी डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली, तर त्यांचा डोस अर्ध्यावर सोडू नये.

ऑक्सिजन रक्तात कसा चढतो?

फुप्फुसांत हवेचे बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या काही कोटींत आहे. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. हवा आणि रक्त यांच्यामध्ये इतका पातळ पापुद्रा असतो की ऑक्सिजन त्यातून सहज रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आपण शांत बसलेलो असतो तेव्हा एक तांबडी पेशी या जाळ्यात जेमतेम पाऊण सेकंद असते. तेवढ्यात तिच्यातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरून जातं.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर हेच मोजतो. ९८ आकडा दिसला, तर बोटातल्या धमन्यांमधलं ९८ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे, असा त्याचा अर्थ. शरीरभर फिरून उजव्या कर्णिकेत परत येणाऱ्या रक्तात हा आकडा साधारण ७५ असतो. म्हणजे परतीचं रक्त ऑक्सिजनशिवाय नसतं, त्याच्याकडे बरीच शिल्लक असते.

इथे शाळेपासून डोक्यात बसलेल्या दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. पहिली, 'धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त'. हृदयापासून दूर नेणारी ती धमनी आणि हृदयाकडे आणणारी ती शीर, एवढाच खरा नियम आहे. फुप्फुस धमनीत कमी ऑक्सिजनचं रक्त असतं आणि फुप्फुस शिरांमध्ये भरपूर ऑक्सिजनचं. दुसरी गोष्ट निळ्या रक्ताची. पुस्तकातल्या चित्रात शिरा निळ्या दाखवतात, पण माणसाचं रक्त कुठेही निळं नसतं. ऑक्सिजन भरपूर असला की ते लालभडक दिसतं आणि कमी असला की गडद लाल.

मोटार पाण्यात, पण चालते विजेवर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डाव्या जवनिकेत ऑक्सिजनने भरलेलं रक्त क्षणोक्षणी येतं. मग तिच्या भिंतीने तिथलंच रक्त का वापरू नये?

कारण भिंत जाड आहे. आतल्या रक्तातला ऑक्सिजन झिरपून भिंतीच्या अगदी पातळ थरापर्यंतच पोचतो. बेडकाच्या हृदयाचं तसं नसतं. त्याच्या जवनिकेची भिंत स्पंजसारखी जाळीदार असते, त्यामुळे आतलं रक्त भिंतीत शिरून तिला ऑक्सिजन देऊ शकतं. माणसाच्या घट्ट, जाड स्नायूला ते जमत नाही.

विहिरीतली पाणबुडी मोटार आठवा. ती चोवीस तास पाण्यात बुडालेली असते, पण चालते वरून आलेल्या केबलवर. केबल तुटली की विहीर काठोकाठ भरलेली असली तरी मोटार बंद पडते. हृदयाची 'केबल' म्हणजे त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कोरोनरी धमन्या.

महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथेच, झडपेच्या लगेच वर, या धमन्यांची दोन तोंडं असतात. एक उजवी आणि एक डावी. डावीच्या पुढे दोन मोठ्या फांद्या होतात. म्हणजे महाधमनीच्या सगळ्यात पहिल्या शाखा हृदयालाच जातात. मेंदू, मूत्रपिंड, हातपाय यांचा नंबर त्यानंतर लागतो. हृदयाचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, पण त्याने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी साधारण ५ टक्के, म्हणजे मिनिटाला पाव लिटर रक्त त्याला स्वतःलाच लागतं.

यातही एक अडचण आहे. डावी जवनिका आवळते तेव्हा स्नायूत शिरलेल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या सैल क्षणी मिळतं. ठोके फार वाढले की हा मधला वेळ सर्वात जास्त आखडतो. मागणी वाढते तेव्हाच पुरवठ्याची वेळ कमी होते.

दुसरी अडचण याहून मोठी. बाकीचं शरीर रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन काढून घेतं आणि उरलेला गरज पडल्यास वापरतं. हृदयाचा स्नायू मात्र शांत बसलेले असतानाही त्याच्याकडे आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. म्हणजे त्याच्याकडे शिल्लक जवळजवळ नसते. चढण चढताना त्याला जास्त ऑक्सिजन हवा असेल, तर एकच मार्ग उरतो, जास्त रक्त. निरोगी कोरोनरी धमन्या रुंदावतात आणि प्रवाह चार-पाच पटींपर्यंत वाढवू शकतात. धमनीत आतून चरबीचा थर साचला असेल, तर ती रुंदावून रुंदावणार किती? बसल्या जागी काही जाणवत नाही, पण चढताना किंवा भरभर चालताना छातीत आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की बरं वाटतं. याला अंजायना म्हणतात. तो स्नायूने दिलेला इशारा असतो आणि बरं वाटलं म्हणून तो विसरून जाऊ नये.

धमनी बंद पडते तेव्हा

साचलेला थर अचानक फाटला की त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि ती धमनी बंद करू शकते. हा हार्ट अटॅक. त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू साधारण २० ते ३० मिनिटांत मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत नुकसान पसरत जातं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, त्याजागी व्रण राहतो.

अशा वेळी ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो. फुप्फुसं ठीक असतात, बोटापर्यंत रक्त पोचत असतं, बंद असते ती फक्त हृदयाची स्वतःची धमनी. म्हणून छातीत दुखत असताना बोटाला यंत्र लावून निश्चिंत होणं धोक्याचं आहे. खात्रीसाठी ईसीजी लागतो. काही वेळा पहिला ईसीजीही ठीक दिसतो, म्हणून तो परत काढतात आणि रक्ताची तपासणी करतात.

लक्षणं नेहमी चित्रपटासारखी नसतात. छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दरदरून घाम, धाप, मळमळ, यांतलं काहीही असू शकतं. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि बायकांना छातीत फारसं न दुखता नुसती धाप किंवा कमालीचा थकवा जाणवू शकतो. 'ॲसिडिटी असेल' म्हणून जाणारा तास सगळ्यात महागात पडतो.

धाराशिव जिल्ह्यात या वेळेला अंतराचीही जोड आहे. हृदयाच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी इथली माणसं सोलापूर, लातूर किंवा पुण्याची वाट धरतात. धाराशिव शहरातून सोलापूर ७० किलोमीटरच्या आसपास, तर उमरग्याहून ते शंभराच्या आसपास भरतं. वाडी-तांड्यावरून मुख्य रस्त्याला लागायला लागणारा वेळ वेगळाच.

अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद धमनी फुग्याने उघडून स्टेंट बसवणं, हा वेळेत मिळाला तर सगळ्यात चांगला उपाय. पण ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि दोन तासांच्या आत ते होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देऊन मग रुग्णाला पुढे हलवण्याची पद्धत आहे. हे इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही, ते डॉक्टरच ठरवतात. म्हणून खासगी गाडीत घालून थेट शंभर किलोमीटर पळवण्याआधी जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी निघतो, तिथे पोचणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, जिने चढू नयेत. तो कोसळला, प्रतिसाद देईना आणि नीट श्वास घेईना, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहावं. त्या दाबाने बाहेरून हृदयाचंच काम चालू राहतं.

पडद्याला छिद्र असेल तर?

दोन पंपांच्या मधला पडदा का महत्त्वाचा, हे कळायला माणसाला दीड हजार वर्षं लागली. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन मानायचा की या पडद्याला न दिसणारी छिद्रं आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या वैद्याने लिहिलं की पडद्याला छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं. १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वीने साधा हिशोब मांडला. तासाभरात हृदय जेवढं रक्त ढकलतं, तेवढं अन्नातून नव्याने बनणं शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त गोल फिरत असलं पाहिजे. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या त्याला दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

गेलनला वाटली तशी छिद्रं निरोगी माणसात नसतात, पण काही बाळं पडद्याला खरंच छिद्र घेऊन जन्मतात. जगभरात दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो आणि पडद्यातलं छिद्र त्यांत सगळ्यात जास्त आढळतं. डावीकडचा दाब जास्त असल्याने ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त छिद्रातून उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुप्फुसांत जातं. फुप्फुसांवर भार पडतो आणि हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं. काही छिद्रं लहान असतात आणि आपोआप बुजतात. मोठी असतील, तर बाळ दूध पिताना दमतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो. काही दोषांत कमी ऑक्सिजनचं रक्त थेट शरीरात जातं आणि बाळाचे ओठ, जीभ, नखं निळसर दिसतात. उपचार फार लांबले तर फुप्फुसांच्या वाहिन्या कायमच्या खराब होऊ शकतात आणि मग छिद्र बुजवण्याची वेळ निघून जाते.

'बाळ अशक्त आहे' असं म्हणून घरात वर्ष निघून जाऊ नये, यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. त्यात आरोग्य पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी करतात. हृदयदोषाची शंका आलेल्या मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवतात आणि शस्त्रक्रिया लागली तर ती मोफत होते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी, कोणत्याही तालुक्यात असा संशय असेल, तर अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणं ही पहिली पायरी.

ऑक्सिजन आहे, पण वाहून न्यायला गाड्या कमी

पंप ठणठणीत, धमन्या मोकळ्या आणि तरी ऑक्सिजन कमी, असंही होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ वरून ७ वर आलं, तर प्रत्येक ठोक्यातून जाणारा ऑक्सिजन निम्मा होतो. ऑक्सिमीटर इथेही ९८ दाखवेल, कारण तो फक्त किती टक्के गाड्या भरल्या आहेत ते सांगतो. एकूण गाड्या किती आहेत, ते त्याला कळत नाही. तूट भरून काढायला हृदय जोरात पळतं. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईला थोडं पाणी भरलं तरी धडधडतं, ऊसतोडीला गेलेल्या बाईला मोळी उचलताना दम पुरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात साधी आणि सहज होणारी आहे.

लक्षात काय ठेवायचं?

हृदय डाव्या बाजूने सगळ्या शरीराला ऑक्सिजन पुरवतं, पण स्वतः जगतं बाहेरून येणाऱ्या दोन बारीक धमन्यांवर. त्या धमन्यांचा एक मोठा शत्रू तंबाखू आहे, मग ती विडीतली असो वा तळहातावर मळलेली. तसेच वाढलेला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल. हे तिन्ही बरीच वर्षं दुखत नाहीत, म्हणून तिशीनंतर मोजून घ्यावे लागतात.

पुढच्या कोजागिरीला तुळजापूरची वाट धरणाऱ्यांनी एवढं जरूर पाहावं. चढताना दम सगळ्यांनाच लागतो आणि थोडं थांबलं की जातो. पण गेल्या वर्षी सहज चढलेल्या पायऱ्यांवर या वर्षी छाती आवळत असेल, तर आईचं दर्शन झाल्यावर पुढचा थांबा दवाखान्यात घ्यावा. आणि थांबूनही ते आवळणं जात नसेल, तर तिथूनच १०८ ला फोन लावावा.